लक्कम्माचे माप



कायक आणि दासोह हे दोन शब्द आपल्या प्रत्येक प्रवचनात येतात. श्रम हीच पूजा, श्रमातून आलेले समाजाला अर्पण करावे आणि उरेल तो प्रसाद म्हणून घ्यावा, एवढे आपल्या घरातील लहान मूलही सांगते. परंतु या दोन शब्दांच्या आधी येणारा एक प्रश्न आपण क्वचितच विचारात घेतो. कायक सुरू करायलाच काहीतरी हाताशी लागते. चपला शिवणाऱ्याला कातडे लागते, शिंप्याला मशीन लागते, भाजी विकणाऱ्याला पहाटेच्या लिलावात रोख रक्कम मोजावी लागते. ज्याच्याजवळ हे नाही त्याने काय करावे? दुसऱ्याच्या पैशावर उभे केलेले काम कायक ठरते काय? आणि ज्याच्याजवळ पैसा आहे, मग तो सावकार असो, बँक असो, सरकार असो की आपला मठ असो, त्याने तो कोणत्या भावाने द्यावा?

हा प्रश्न नुसता पोथीतला नाही. शहापूर-वडगावात मागावर बसणाऱ्याच्या, अथणीत कोल्हापुरी चपला करणाऱ्याच्या, निपाणीच्या बाजारात हातगाडी लावणाऱ्याच्या घरात तो रोज सकाळी उभा असतो. त्याचे उत्तर चुकले तर चालता धंदा बसतो, घर गहाण पडते आणि कधी कधी माणूस गाव सोडून जातो. म्हणून या प्रश्नाकडे शरणांच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

समाजात याची दोन उत्तरे ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, कर्ज म्हणजे गळ्यातला फास. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आहे त्यात समाधान मानावे. तरुण मंडळी म्हणतात, सरकार देते आहे तर घेऊन टाकावे; फेडीचे पुढे पाहू. पहिले उत्तर भित्रे आहे आणि दुसरे बेफिकीर आहे. या दोहोंपैकी एकही शरणांचे उत्तर नव्हे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

पहिल्या उत्तराकडे आधी वळू. बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभवमंटपात जमलेली माणसे कोण होती? मडिवाळ माचय्या कपडे धूत. अंबिगर चौडय्या नाव चालवीत. मेदार केतय्या बांबूच्या टोपल्या विणीत. हरळय्या पादत्राणे शिवीत. जेडर दासिमय्या त्यांच्याही आधीचे. ते मागावर बसत. यांपैकी एकही काम रिकाम्या हाताने होत नाही. नाव लाकडाची असते, माग सुताराकडून करून घ्यावा लागतो, कातडे विकत आणावे लागते. साधनावाचून कायक नाही, हे ज्यांनी हातांनी काम केले त्यांना शिकवावे लागत नाही. ज्याच्याजवळ स्वतःचा माग नाही तो दुसऱ्याच्या मागावर मजुरी करतो. अशा माणसाला “कर्ज काढू नको, समाधानात राहा” असे सांगणे म्हणजे जन्मभर परक्याच्या मागावर बस असे सांगणे होय. हे वैराग्य बहुधा ज्यांच्या घरी माग आहे तेच शिकवितात.

आता दुसरे उत्तर. ते तपासायला आयदक्की मारय्या आणि त्यांची पत्नी लक्कम्मा यांच्या कथेइतकी चांगली कसोटी नाही. आपल्या सर्वांना ती ठाऊक आहे. मारय्यांचे कायक म्हणजे सांडलेले तांदूळ वेचणे. रोज वेचून आणावे, लक्कम्माने रांधावे आणि जंगमांना दासोह करावा, असा त्यांचा क्रम होता. एके दिवशी बसवण्णांच्या महामन्याच्या आवारात नेहमीपेक्षा अधिक तांदूळ सांडलेले होते. बसवण्णांनी ते परीक्षेसाठी मुद्दाम सांडले होते असे कथेत सांगतात. मारय्यांनी सगळे वेचून आणले. लक्कम्माने पाहताक्षणी ओळखले की हे रोजच्यापेक्षा जास्त आहेत. आणि जास्तीचे होते तेथे परत टाकून यायला तिने पतीला सांगितले. हाव धरणे भक्ताला शोभत नाही, हाच तिच्या वचनांचाही रोख आहे.

या कथेवर आपण नेहमी असंग्रहाचे प्रवचन करतो आणि थांबतो. पण थोडे थांबून पाहिले तर लक्कम्माने तांदूळ नाकारलेले नाहीत. तिने जास्तीचे तांदूळ नाकारले. रोजचे तांदूळ तर तिला हवेच होते. त्यावाचून दासोह घडला नसता. म्हणजे तिच्या हातात एक माप होते. ते माप तिने देणाऱ्याच्या ऐपतीवरून घेतलेले नव्हते. महामन्यात तांदूळ पुष्कळ होते म्हणून तिने पुष्कळ घेतले नाहीत. ते माप आपल्या हावेवरूनही घेतलेले नव्हते. आजच्या दासोहाला किती लागतात, एवढे एकच तिचे माप होते.

हेच माप भांडवलाला लावावे. किती मिळते यावरून किती घ्यावे हे ठरवू नये. काम किती मागते यावरून ठरवावे. आणि लक्षात घ्यावे की हे माप दोन्ही बाजूंनी लागू आहे. गरजेपेक्षा जास्त घेणे जसे अयोग्य, तसे गरजेपेक्षा कमी देणेही अयोग्यच. चाळीस हजारांच्या मशीनसाठी आलेल्या शिंप्याला पंधरा हजार देऊन वाटेला लावले, तर पंधरा हजारांत अर्धे मशीन येत नाही. तो पैसा घरखर्चात विरतो आणि हप्ता मात्र राहतो. देणाऱ्याला वाटते की आपण सावधगिरी केली; खरे पाहता त्याने त्या माणसाला कामाविना कर्जदार केले.

दुसरी कथा नुलिय चंदय्यांची आहे. ते गवत कापून दोर वळीत आणि विकीत. शून्यसंपादनेत त्यांचा प्रसंग येतो. एकदा गवत कापताना त्यांचे इष्टलिंग गळून पडले, तरी त्यांनी कायक थांबविले नाही. उलट लिंगदेवालाच त्यांनी कायकाला लावले. लिंगदेव दोर विकायला बसवण्णांकडे गेले, तेव्हा बसवण्णांनी दोराच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक धन दिले. चंदय्यांना ते मान्य झाले नाही. दोराची जी किंमत तीच त्यांना हवी होती.

श्रीमंत भक्ताने प्रेमाने दिले, त्यात बिघडले काय, असे कोणीही विचारील. बिघडते ते असे की त्या जास्तीच्या धनाने दोराची किंमतच पुसली जाते. दोर चांगला वळला काय आणि वाईट वळला काय, मिळणारे तेवढेच, असे झाले की कायक उरत नाही. भिक्षा उरते. लहान धंदेवाल्याला मदत करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. त्याला दया नको असते. त्याच्या मालाला योग्य भाव हवा असतो, आणि तो वेळेवर हवा असतो.

“वेळेवर” या शब्दावर भर देण्याचे कारण आहे. पुष्कळ लहान धंदे भांडवल नसल्याने बुडत नाहीत. त्यांचे भांडवल गिऱ्हाईकाच्या खिशात अडकते म्हणून बुडतात. माल गेला, वापरला गेला, आणि बिल सहा महिने फिरते आहे. मग कारागीर तेवढ्याच रकमेसाठी सावकाराकडे जातो. थोडक्यात, ज्याचे घेणे आहे तोच व्याज भरतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने यावर उपाय केला आहे. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे अथवा सेवा देणाऱ्याचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत चुकते केले पाहिजे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. पण कायदा सोडा. आपल्यापैकी किती जण लग्नाच्या मांडववाल्याला, फुलाऱ्याला, आचाऱ्याला, शिंप्याला दोन-दोन महिने खेटे घालायला लावतात? मठाला देणगी देताना ज्याचा हात आखडत नाही, तो शिंप्याचे बिल मात्र टाळतो. दासोहाची पहिली पायरी म्हणजे दुसऱ्याच्या कायकाचे मोल वेळेवर देणे. तेवढे झाले तर अर्ध्या लोकांना कर्जाची गरज पडणार नाही.

आता प्रत्यक्ष मदतीचे मार्ग पाहू. लक्कम्माचे माप हाती ठेवून पाहू, म्हणजे कोणती वाट कोणासाठी हे कळेल.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांची यादी आहे. ती वाचताना आपल्याला अनुभवमंटपाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. तीत परीट आहे, चांभार आहे, टोपल्या-चटया विणणारा आणि काथ्याकाम करणारा आहे, नाभिक आहे, नाव बांधणारा आहे. जेडर दासिमय्यांचा माग तेवढा त्या यादीत नाही. हातमागासाठी वस्त्रोद्योग खात्याच्या वेगळ्या योजना असतात. विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व ते फेडल्यावर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज, तेही तारणाशिवाय, अशी रचना केलेली आहे. आधी हात शिकवावा, मग हत्यार द्यावे, मग पैसा द्यावा, हा क्रम मननीय आहे. आपण बहुधा उलट करतो. आधी पैसा आणतो आणि मग काय करायचे याचा विचार करतो.

हातगाडी-पथारीवाल्यांसाठी १ जून २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पीएम स्वनिधी योजना आली. तेव्हा पहिले कर्ज १० हजारांचे होते, ते फेडल्यावर २० हजारांचे आणि तेही फेडल्यावर ५० हजारांचे. २०२५ साली पहिल्या दोन रकमा १५ आणि २५ हजार करण्यात आल्या. रक्कम लहान आहे, पण तिच्यामागचा विचार लहान नाही. ज्या माणसाकडे गहाण टाकायला काहीच नाही, त्याच्याकडे शब्द असतो. पहिला शब्द पाळला की दुसऱ्या वेळी त्याच्यावर अधिक विश्वास टाकावा. ‘पत’ हा आपला जुना शब्द याच अर्थाचा आहे. सोने गहाण टाकता येते, पत गहाण टाकता येत नाही. ती मिळवावी लागते.

त्याहून मोठ्या कामासाठी ८ एप्रिल २०१५ पासूनची मुद्रा योजना आहे. तीत ५० हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण असे टप्पे केले आहेत. तरुण टप्प्याचे कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २०२४ साली वीस लाखांपर्यंतचा चौथा टप्पा जोडला गेला. येथेही तारण मागायचे नसते. नवा कारखाना काढणाऱ्यासाठी २००८ साली पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदानाची तरतूद केली गेली, परंतु ते अनुदान लगेच हाती येत नाही. तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून राहते. अनुदानाच्या आशेने कागदावर कारखाना उभारणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे. सांडलेले तांदूळ दिसले म्हणून पोते घेऊन धावणे, याला लक्कम्माने काय म्हटले असते ते सांगायला नको.

आपल्या समाजासाठीही राज्यांनी काही केले आहे. कर्नाटकात वीरशैव-लिंगायत विकास निगम आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात लिंगायत तरुणांसाठी जगद्ज्योती महात्मा बसवेश्वर आर्थिक विकास महामंडळाची घोषणा केली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील बांधवांना केंद्राच्या योजना आपापल्या गावातील बँकेतून अथवा जिल्हा उद्योग केंद्रातून समजू शकतात. यासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती विनामूल्य होते. ती करून देतो म्हणून पैसे मागणारा दलाल भेटला तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.

बँकेची पायरी चढायला लाजून पुष्कळ जण दारात येणाऱ्या सावकाराकडे वळतात. तेथे कागद लागत नाहीत, हे खरे. पण हिशोब एकदा मांडून पाहावा. दहा हजारांच्या कर्जात हजार रुपये आधीच कापून नऊ हजार हातात देतात आणि रोज शंभर याप्रमाणे शंभर दिवस वसूल करतात, असे समजू. वरवर पाहता नऊ हजारांवर हजार, म्हणजे अकरा टक्के. परंतु मुद्दल रोज थोडे थोडे परत जात असते. शंभर दिवसांत सरासरी साडेचार हजारच आपल्याकडे राहिले. साडेचार हजारांवर शंभर दिवसांत हजार रुपये व्याज, म्हणजे वर्षाला ऐंशी टक्क्यांच्या आसपास. तेच पैसे बँकेकडून बारा टक्क्यांनी घेतले असते तर व्याज दीडशे रुपयांच्या आत राहिले असते. मधले साडेआठशे रुपये म्हणजे भाजीवालीच्या पोरांचे दूध आणि वह्या होत. हिशोब न करणे हा साधेपणा नव्हे.

कर्ज घेणाऱ्याने, म्हणून, सही करण्यापूर्वी आपल्याच मनाला तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, हा पैसा कायकाच्या साधनात जाणार की मिरवण्यात? धंद्याच्या नावाने काढलेले कर्ज लग्नात खर्च झाले तर ते धंद्यातून फिटत नाही. दुसरी, हप्ता कामाच्या मिळकतीतून निघणार की दुसऱ्या कर्जातून? एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जाने भरावा लागला तर त्याच दिवशी थांबावे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सूक्ष्म कर्जांसाठी नियम घातला की, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. तो नियम बँकांसाठी आहे. आपण आपल्यासाठी त्याहून खालची रेघ ओढावी. तिसरी गोष्ट, घरातल्या बाईला हे कर्ज ठाऊक आहे काय?

ही तिसरी गोष्ट मुद्दाम सांगितली. कथेत माप कोणाच्या हातात होते? मारय्या वेचून आणीत, पण किती पुरे हे लक्कम्मा जाणत होती. घराचा हिशोब तिच्याकडे होता आणि नको म्हणण्याचा अधिकारही तिच्याकडे होता. १९९२ साली नाबार्डने ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला, आणि आज खेड्यापाड्यांत भगिनी गटातून कर्ज उचलतात व फेडतात. पण कित्येक घरांत कर्ज बाईच्या नावावर, पैसा पुरुषाच्या हातात, आणि वसुलीला माणूस दारात आला की मान खाली घालायची तिने, असे चालते. ज्या धर्मात लक्कम्माने पतीला तांदूळ परत टाकायला लावले, त्या धर्माच्या घरात हे चालू नये. सही जिची, हिशोब तिचा, आणि नकारही तिचा असला पाहिजे.

आता देणाऱ्याकडे वळू. महात्मा बसवेश्वर बिज्जळ राजाचे भांडारी होते. जंगमांच्या दासोहासाठी ते राजाचे द्रव्य उधळतात अशी चहाडी झाली, राजाने हिशोब तपासला आणि भांडार पुरते भरले, ही कथा आपण श्रद्धेने सांगतो. तिच्यातील चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी तत्त्व उरते. परक्याचा पैसा सांभाळणारा कोणत्याही क्षणी हिशोब द्यायला सिद्ध असला पाहिजे. पतसंस्थेच्या संचालकांनी, बचत गटाच्या अध्यक्षांनी, देवस्थानच्या विश्वस्तांनी भांडारी बसवण्णांचे चित्र कचेरीत लावावेच, पण त्याखाली महिन्याचा जमाखर्चही लावावा.

लहान माणसाच्या लहान पैशातून मोठे काम उभे राहते, याचे दाखले आपल्या आसपासच आहेत. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी स्थापली. अन्योन्य म्हणजे एकमेकांसाठी. सहकाराचा सारा अर्थ त्या नावात आला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ या खेड्यात सिद्दनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची पतसंस्था निघाली. देशातील आद्य संस्थांत ती गणली जाते. उडुपीला १९२५ साली हातमाग विणकरांची अडचण पाहून जी बँक निघाली, ती पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली आणि २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली. तिने १९२८ साली दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करण्याची पद्धत पाडली. तिचे नाव पिग्मी. आज बेळगावात दुकानदार “पिग्मी भरली का?” असे सहज विचारतो, त्या शब्दाचे मूळ तेथे आहे. दोन आण्यांची लाज तेव्हा कोणाला वाटली नाही.

आपल्या समाजाने शिक्षणासाठी असेच केले. शिरसंगीचे लिंगराज देसाई यांनी आपली मालमत्ता गरीब मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. १९१६ साली बेळगावात सात शिक्षकांनी के. एल. ई. संस्था आरंभिली. त्यांच्या त्यागामुळे आपली मुले डॉक्टर आणि इंजिनिअर झाली. पण जो मुलगा शिकला आणि नोकरी लागली नाही, जो बापाचा माग अथवा दुकान चालवतो, त्याच्यासाठी आपण तेवढ्या तळमळीने काही केले आहे काय? अन्नाचा दासोह मठामठांत चालतो, आणि तो चालावाच. पण एका वेळच्या जेवणाने एका वेळची भूक भागते. ज्याच्या हाताला साधन मिळाले तो स्वतः जेवतो आणि दुसऱ्यालाही वाढतो. साधन देणे हाही दासोहच होय.

शेवटी सर्वांत कठीण प्रश्न उरतो. प्रामाणिकपणे काम करूनही धंदा बुडाला तर? पाऊस पडला नाही, साथ आली, बाजार बदलला, आजारपण निघाले. हप्ते थकले. असा माणूस पापी काय?

याचे उत्तर देताना सवंग दया करून चालणार नाही. घेतलेले पैसे कोणाच्या तरी घामाचे असतात. बँकेतली ठेव एखाद्या विधवेची असते, गटातली रक्कम शेजारणीची असते. म्हणून देणे संपत नाही. परंतु देणे राहिले म्हणजे माणूस संपला असेही नाही. कायकाचे फळ हातात नसते, कायकातील सचोटी हातात असते. बुडाल्याचा दोष नाही, लपविल्याचा दोष आहे. हप्ता थकण्याची चिन्हे दिसताच बँकेत स्वतः जाऊन सांगावे, मुदत वाढवून मागावी. फोन बंद करून बसल्याने व्याज थांबत नाही आणि पत मात्र जाते. आणि वसूल करणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे की त्याचा हक्क रकमेवर आहे, माणसाच्या अब्रूवर नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला सूक्ष्म कर्जांच्या वसुलीतील जबरदस्तीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. कर्जवसुलीच्या छळाने माणसे जीव देऊ लागली, तेव्हा तो निघाला. ज्या देहाला शरणांनी देवालय मानले, तो देह काही हजारांसाठी संपावा, ही आपणा सर्वांना लाज वाटावी अशी गोष्ट आहे. अशा घरात शेजारचा शरण आधी जावा, वसुलीवाला मागून.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. प्रत्येक गावी महिन्याला शिवानुभव गोष्टी होते. तिच्या शेवटी एक तास कायकाच्या हिशोबाला द्यावा. समाजातील निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी आणि हिशोबनिसांनी त्या तासाला बसावे, लहान धंदेवाल्यांची वही पाहावी, अर्ज भरून द्यावा, नको ते कर्ज नको म्हणून सांगावे. ज्याची सचोटी गावाला ठाऊक आहे त्याच्यासाठी बँकेत दोन शब्द बोलावेत. आणि त्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाने आपल्याकडे कोणा कारागिराचे बिल राहिले आहे काय हे आठवावे व दुसऱ्या दिवशी ते चुकते करावे. यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. एक सतरंजी, एक वही आणि थोडा वेळ पुरे.

दुसऱ्याच्या पैशावर उभे केलेले काम कायक ठरते काय, असे आपण आरंभी विचारले. ते ठरते, मात्र घेताना गरजेइतकेच घेतलेले असावे, देताना गरजेइतके पुरते दिलेले असावे, आणि दोन्हीकडची वही कोणालाही दाखविता यावी. लक्कम्माने एका संध्याकाळी मूठभर तांदळांचे जे माप केले, ते आठशेहून अधिक वर्षे झाली तरी लहान झालेले नाही. आपल्या घरात ते आहे काय, एवढे प्रत्येकाने आज आपल्या घरी पाहावे.

शरणु शरणार्थी.